गृहपाठ क्रमांक चार

गावाचं नाव सूर.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली,
'म्हणजे गाणं शिकवणार का तू?'
नाही गं, लिहिणं. तेही इंग्रजीतून,
ज्यांना ते माझ्याइतकंच परकं त्यांना,
ओमानच्या या टोकाला.

तीन गृहपाठ झाले. साठ मुलं, साठ फायली.
सगळ्यांची सुरुवात: आजच्या आधुनिक जगात.
सगळ्यांचा शेवट: थोडक्यात सांगायचे तर.
मधल्या घरात कुणी राहतच नव्हतं.

आमच्या बाई फाटक्या चपलेचं आत्मवृत्त लिहायला लावायच्या.
वर्गातल्या बेचाळीस चपला
एकाच दुकानातून घेतलेल्या असायच्या,
एकाच दगडाला ठेचकाळून
एकाच उकिरड्यावर रडायच्या.
माझीसुद्धा.

म्हणून एका रात्री चौथा लिहिला:
घरातला एक मिनिट आवाज आणा.
एक फोटो, ज्यात माणूस नाही, पण नुकता होता.
मग दोनशे शब्द,
जे आवाजातही नाहीत आणि फोटोतही.
खाली गुणांचा तक्ता. मांडणी पाच, तांत्रिक सफाई पाच.
'मौलिकता' टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं.

डॉ. हातिमनी चष्मा कपाळावर सरकवला.
'आवाजाचं स्पेलिंग कसं तपासणार, मॅडम?'

आधी स्वतः करून पाहिला.
ओट्यावर फोन ठेवला, साठ सेकंद.
ऐकलं तर एसी, फ्रिज, आणि एक बाई
दुधाला दटावतेय: थांब, थांब म्हणते ना!
इतकी आजीसारखी कधी झाले, कळलं नाही.
दोनशे शब्द काही जमले नाहीत.

गुरुवारी रात्री फायली यायला लागल्या.
ज्युबीच्या कुकरच्या चार शिट्ट्या.
तिसरी आणि चौथी यांच्या मधे
वडिलांचं फोनवर 'येस सर', सात वेळा. मोजले.
फोटोत खुर्चीला लटकलेला
ओळखपत्राचा निळा पट्टा.

मुहन्नाचे आजोबा बोट तासत होते.
खट्. खट्. फुंकर. खट्.
मग घोगऱ्या आवाजात एकच शब्द: 'साज'.
कसला साज? गळ्यातला की गाण्यातला?
मुलानं खाली लिहिलं होतं:
हे लाकूड आहे, मिस. तुमच्या किनाऱ्यावरून यायचं.
साग! मी रिकाम्या खोलीत ओरडले.
शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

रय्याची फाइल शेवटी उघडली.
आवाज नाही.
वायर काढून परत खुपसली, आवाज वाढवला, शेवटपर्यंत.
नाहीच.
फोटोत दिव्याचं बटण,
भोवतीची भिंत बोटांनी काळवंडलेली.
शून्य लिहायला हात गेला होता,
खरं सांगते.

मग तिचे शब्द वाचले. दोनशे नव्हते.
'आमच्याकडे मी एकटीच ऐकते.
आईबाबा हातांनी बोलतात.
एकमेकांना बोलवायचं तर दिवा लावतात, विझवतात.
चौतिसाव्या सेकंदाला आई विनोद सांगते.
बांगड्या ऐका.'

चौतिसावा सेकंद.
डोळे मिटून ऐकला.
हो, आहेत. दोन असतील, फार तर तीन.
आणि मग कापडाची सळसळ,
बहुतेक बाबा हसले.

वर्षभर मी या मुलीला सांगत होते,
रय्या, जरा मोठ्यानं.

तांत्रिक सफाईचा रकाना अजून कोरा आहे.
डॉ. हातिम रोज आठवण करतात.

रविवारी वर्गात नेहमीचा गोंगाट.
कुणी खुर्ची ओढतंय, कुणी चिप्सची पिशवी फोडतंय.
घसा खाकरला. मग तसाच राहू दिला.
भिंतीपाशी गेले,
दिवा विझवला. लावला.

सगळ्यांच्या आधी
तिनं मान वर केली.